निकाल आणि अर्ज : बुद्धिमापनाचा मराठी प्रवास आणि सीमेवरची शाळा



मेहकर म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला बुलढाणा जिल्ह्यातले मेहकर आठवते. आज ज्या मेहकराला डोळ्यांसमोर ठेवून मी बोलणार आहे ते बिदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातले. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, अशी तीन भाषांची ये-जा इथल्या पोरांच्या अंगवळणी पडलेली असते. अशा गावच्या शाळेत एखादे मूल वर्गाच्या फार पुढे असेल तर ते ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर शाळेकडे नेमके मागायचे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला जगभर एक उत्तर दिले गेले : चाचणी घ्या. मात्र चाचणीच्या निकालाचे पुढे काय करायचे, यावर एकमत कधीच झाले नाही. एका वाटेने गेलेल्यांनी तो निकाल मुलाच्या वतीने शाळेपुढे अर्जासारखा ठेवला. दुसऱ्या वाटेने गेलेल्यांनी त्याचा उपयोग मूल त्या शाळेतून उचलून दुसरीकडे नेण्यासाठी केला. आपल्या सीमाभागात दुसरी वाट रुळली, पहिली जवळजवळ मळलीच नाही. हे कसे झाले ते पाहू.

आरंभ पॅरिसपासून करावा लागतो. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. सक्तीचे शिक्षण आले होते, आणि नेहमीच्या वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशा मुलांचे काय करायचे हा प्रश्न होता. तपासणी केल्याशिवाय कोणत्याही मुलाला नेहमीच्या शाळेतून बाजूला काढू नये, असे समितीचे म्हणणे पडले. तपासणी कशी करायची हे सांगण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली तीस प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. १९०८ मध्ये प्रश्नांची वयावार मांडणी झाली. म्हणजे या चाचणीचा जन्मच मुलाच्या बचावासाठी झाला. मास्तरांच्या मनातल्या ग्रहाला कागदावरचा पुरावा उत्तर देईल, ही तिच्यामागची कल्पना. बुद्धी जन्मभर एकाच मापाची राहते असे बिने मानत नव्हता. मोजल्यावर मदत करायची, म्हणूनच तो मोजत होता.

पुढे १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागायची युक्ती काढली. त्या भागाकाराला शंभराने गुणले की बुद्ध्यंक येतो. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलांचे प्रश्न सोडवले तर त्याचा बुद्ध्यंक १२५. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी १९१६ साली बिनेच्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढली आणि १९२१ पासून पंधराशेहून अधिक तल्लख मुलांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचे काम आरंभले. अडलेल्या मुलांसाठी केलेली पट्टी इथे पुढे गेलेल्या मुलांना लागली.

टर्मन यांच्या कामातली एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. त्यांच्या चाळणीत दोन मुले निकषाखाली राहिली म्हणून गळली : विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्व्हारेझ. पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तम निकाल आला तर त्याच्या आधाराने काही मागता येते, पण कमी निकाल आला म्हणून मागणे सोडून देता येत नाही.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये लीटा हॉलिंगवर्थ यांनी निकाल घेऊन थेट शाळेचे दार गाठले. १९२२ साली तिथल्या एका सरकारी शाळेत त्यांनी अतिशय बुद्धिमान मुलांचे प्रायोगिक वर्ग काढले. त्यांचे म्हणणे साधे होते : १४० बुद्ध्यंकाच्या मुलाचा नेहमीच्या वर्गातला निम्मा वेळ फुकट जातो. आकडा त्यांनी कौतुकासाठी सांगितला नाही, वाया जाणाऱ्या वेळेचा हिशेब म्हणून सांगितला. शाळेला कौतुक परतवून लावता येते, हिशेब परतवणे अवघड जाते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. हिंदुस्थानात या चाचणीची आवृत्ती करण्याचे आरंभीचे एक मोठे काम लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन कॉलेजात सी. हर्बर्ट राइस यांनी केले. त्यांची हिंदुस्तानी आवृत्ती १९२९ साली आली. मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे काम मात्र धारवाडला झाले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मन यांच्या आवृत्तीवरून कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतली चाचणी सिद्ध केली. तिच्यावरचा त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे त्यांचे पुस्तक काढले. आपल्या अभ्यासकांत ती ‘बाँबे-कर्नाटक आवृत्ती’ म्हणून ओळखली जाते.

हे काम भाषांतराचे नव्हते, हे समजण्यासाठी अमेरिकी आवृत्तीतले काही प्रश्न पाहा. सहा वर्षांच्या मुलाला तिकडची नाणी ओळखायची होती. नऊ वर्षांच्या मुलाला दिलेल्या शब्दाशी यमक जुळणारे शब्द सांगायचे होते. यमकाचे भाषांतर होत नाही. नाणे बदलले की त्याची ओळख कोणत्या वयात होते तेही बदलते. शब्दसंग्रहाची चाचणी तर जशीच्या तशी उचलताच येत नाही, कारण एका भाषेतला सोपा शब्द दुसरीत पंडिती निघतो. म्हणून प्रत्येक प्रश्न नव्याने घडवायचा, शेकडो मुलांना विचारायचा, कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना तो जमतो ते पाहायचे, आणि मग त्याला पट्टीवर जागा द्यायची, असे हे काम असते. ते एका भाषेत करणेच जिकिरीचे. कामतांनी ते दोन भाषांत केले. ज्या मुलाला मोजायचे त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलले पाहिजे, हे तत्त्व या सबंध प्रांतात शास्त्राच्या पातळीवर पहिल्यांदा मांडले गेले ते इथे.

मेहकरच्या मुलाच्या दोन्ही भाषा या चाचणीत होत्या. परंतु धारवाड मुंबई इलाख्यात आणि मेहकर निजामाच्या राज्यात. दोन राज्ये म्हणजे दोन शाळाखाती. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूच. मराठी शिक्षणाची सोय समाजाने आपल्या बळावर उभी केली. कलबुर्गीचे नूतन विद्यालय १९०७ सालचे आहे. तेव्हा हुशार पोराची हुशारी दिसायची तर आधी त्याला परकी भाषा यावी लागे. ज्याला ती लवकर आली तो हुशार ठरला, ज्याला उशिरा आली तो मठ्ठ.

१९५६ साली राज्यांची फेररचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम आले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. आपण सीमाभागातले लोक या कलमाचा उल्लेख शाळा टिकवण्यासाठी करतो, आणि ते योग्यच आहे. पण मातृभाषेतून शिकण्याच्या हक्कात मातृभाषेतून जोखले जाण्याचा हक्कही आला, असे मला वाटते. शिकवायचे मराठीत आणि लायकी ठरवायची दुसऱ्या भाषेत, ही अर्धी सोय झाली.

इथे एक शंका येते. तीन भाषांच्या ओढाताणीत मुलाच्या बुद्धीची वाढच खुंटत नाही ना? ही शंका जुनी आहे. १९२३ साली वेल्समधल्या दुभाषी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात खेड्यातली दुभाषी मुले चाचणीत मागे पडलेली दिसली, आणि दोन भाषा म्हणजे डोक्याला भार हे मत बरीच वर्षे प्रमाण मानले गेले. १९६२ साली माँट्रियल इथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांची मुले तपासली. या वेळी घरची परिस्थिती सारखी असलेली मुले निवडली होती आणि दोन्ही भाषा खरोखर येतात की नाही हे आधी पाहिले होते. निकाल उलटा आला. दुभाषी मुले एकभाषी मुलांपेक्षा सरस ठरली. सीमेवरच्या शिक्षकाने याचा अर्थ असा घ्यावा : मूल एका भाषेत अडखळले तर दुसऱ्या भाषेत विचारून पाहावे, आणि मगच मत बनवावे.

भाषेइतकीच दुसरी अडचण वयाची. बुद्ध्यंकाच्या जुन्या हिशेबात वय भाजकाच्या जागी असते. आणि आपल्या खेड्यांत कित्येकांची जन्मतारीख १ जून! मूल शाळेत घालायला आणले, जन्माची नोंद नाही, मास्तरांनी अंदाजे वर्ष धरले आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकली. आता हिशेब करा. मानसिक वय दहा आणि प्रत्यक्ष वय आठ असेल तर बुद्ध्यंक १२५. तेच मूल खरे नऊ वर्षांचे असेल तर १११. चौदा गुणांचा फरक मुलाच्या डोक्यात नाही, हजेरीपटात आहे. आज घराघरात जन्मदाखला असतो, त्यामुळे ही चूक कमी झाली. तरी निकाल शाळेपुढे ठेवताना जन्मदाखला सोबत जोडावा, तो एवढ्यासाठी.

आता पुण्याकडे वळू, कारण मराठीत बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार संस्थेच्या रूपाने उभा राहिला तो तिथे. १९६२ साली विनायक विश्वनाथ ऊर्फ अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. चाचण्या घेऊन मुले निवडायची आणि त्यांची बुद्धी समाजाच्या कामी यावी असे शिक्षण द्यायचे, हा हेतू. आरंभीची वर्षे ही मुले आपापल्या शाळेत शिकत आणि शाळेच्या वेळेबाहेर प्रबोधिनीत येत. स्वतंत्र प्रशाला १९६९ साली निघाली. डॉ. उषा खिरे यांनी गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या सिद्धांतावर आधारलेल्या मराठी चाचण्यांचे काम केले. त्यामुळे बुद्धी म्हणजे एकच आकडा असे न मानता तिच्या अनेक पैलूंकडे पाहण्याची सवय मराठी अभ्यासकांना लागली. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर प्रबोधिनीने लोहारा तालुक्यात हराळी इथे निवासी शाळा काढली. आपल्या सीमेपासून ती फार दूर नाही.

दुसरीकडे सरकारी परीक्षांची वाट मोठी होत गेली. महाराष्ट्रातली चौथी-सातवीची शिष्यवृत्ती परीक्षा, जी पुढे पाचवी-आठवीला गेली, तिच्यात बुद्धिमत्ता चाचणीचा भाग आहे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जवाहर नवोदय विद्यालयांची योजना देशभर नेली. त्यातल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. आपल्या जिल्ह्याचे नवोदय बसवकल्याण तालुक्यात नारायणपूरला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी दोन तासांची चाचणी असते. १०० गुणांपैकी ५० गुण आकृत्यांवरच्या मानसिक क्षमतेच्या प्रश्नांना, उरलेले अंकगणिताला आणि भाषेला. मराठीसह अनेक भाषांत ती देता येते, आणि निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. खेड्यातल्या गरीब मुलाला याहून मोकळे दार सरकारने क्वचितच उघडले असेल. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण एका नवोदयात दरवर्षी घेतात फार तर ८० मुले. जिल्ह्यातल्या शेकडो गावांतून ८०. ज्याचे नाव लागले तो टीसी घेऊन जातो, आणि ज्याचे एका-दोन गुणांनी हुकले तो त्याच बाकावर परत येऊन बसतो. त्याने दोन तासांत काय दाखवले, आकृत्यांत तो किती पुढे होता आणि भाषेत कुठे अडला, हे त्याच्या शाळेला कोणी सांगत नाही, आणि शाळाही विचारत नाही. निवडीची यादी लागली की परीक्षा संपली. एवढ्या मोठ्या खटाटोपातून गावच्या शाळेच्या हाती काय लागते? एक मूल कमी झाल्याची नोंद.

पहिल्या वाटेचे, म्हणजे निकाल अर्जासारखा वापरण्याचे, सर्वांत ठसठशीत उदाहरण बाल्टिमोरचे आहे. १९६८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राध्यापक जूलियन स्टॅन्ली यांच्यापुढे एका शाळकरी मुलाचा प्रश्न आला. मूल संगणकाच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे होते. स्टॅन्ली यांनी त्याला त्याच्या वयाची परीक्षा दिली नाही, महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी मोठी मुले देतात ती दिली. वयाच्या परीक्षेत हुशार मूल शंभरापैकी शंभर मिळवते आणि कळते एवढेच की पट्टी आखूड पडली. वरची परीक्षा दिली की ते नेमके कुठवर पोचले ते दिसते. निकाल हाती आल्यावर आधी आसपासच्या माध्यमिक शाळांना विचारले गेले. त्या मुलाला वरच्या वर्गाचे विषय शिकू द्यायला शाळा तयार झाल्या नाहीत. अखेर १९६९ साली तेराव्या वर्षी विद्यापीठानेच त्याला घेतले. तिथून स्टॅन्ली यांचा गणितात पुढे असलेल्या मुलांचा दीर्घ अभ्यास उभा राहिला. आपल्याला घेण्यासारखी आहे ती रीत : पुरावा नेमका, मागणी नेमकी, आणि आधी जवळच्या शाळेला विचारणे.

हा पुरावा कोणाच्या बाजूने उभा राहतो हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत याच चाचण्यांच्या आधाराने काळ्या लोकांना बुद्धीने कमी ठरवणारे होते. १९३५ साली पॉल विटी आणि मार्टिन जेंकिन्स यांनी शिकागोतल्या नऊ वर्षांच्या एका काळ्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा बुद्ध्यंक २०० भरला होता. जेंकिन्स स्वतः काळे होते. सबंध समाजाविषयी केलेल्या विधानाला एका मुलीच्या निकालाने उत्तर दिले. आपल्याकडे असे उत्तर चाचण्या येण्याच्या कितीतरी आधी दिले गेले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापला गेला. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने जे लिहिले तेच तिच्या बुद्धीचे आणि शाळेच्या गरजेचे प्रमाणपत्र होते. तेव्हा मेहकरच्या शाळेत पुढे असलेले मूल कोण, हे विचारताना मास्तरांच्या ओठांवर आधी येणाऱ्या नावांपाशी थांबू नये. शेतमजुराची मुलगी वर्गात गप्प बसते याचा अर्थ तिला येत नाही असा नाही. सगळ्यांना एकच चाचणी द्यावी ती याचसाठी, की न सुचलेले नाव पुढे यावे.

आता शाळेकडे मागायचे काय? इतिहासातून निघणारी यादी लहान आहे. चाचणी मुलाच्या भाषेत घ्या आणि अडल्यास दुसऱ्या भाषेत विचारा. वय दाखल्यावरून धरा. एका निकालावर थांबू नका, वर्षाने पुन्हा पाहा. मूल ज्या विषयात पुढे आहे त्या विषयाच्या तासाला वरच्या इयत्तेत बसू द्या. डबल प्रमोशन आपल्या जुन्या शाळांना ठाऊक होते. सबंध इयत्ता ओलांडायची नसेल तर गणिताचा एक तास ओलांडणे अवघड नाही. कुलपातल्या कपाटातली पुस्तके त्याच्या हाती द्या. आणि नवोदयात नाव न लागलेल्या मुलाचा निकाल पालकांबरोबर बसून वाचा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गती असलेल्या मुलांना शिक्षकांनी पाठ्यक्रमापलीकडचे काम द्यावे असे म्हटलेले आहे, म्हणजे मागणीला आधारही आहे.

हे सगळे पालकाने एकट्याने करणे कठीण आहे. ज्याने कधी मुख्याध्यापकांच्या खोलीत पाऊल टाकले नाही तो हातात निकाल घेऊन काय बोलणार? इथे परिषदेचे काम सुरू होते. आपण संमेलने भरवतो, शाळा टिकाव्यात म्हणून निवेदने देतो. त्याच जोडीला एक पानी अर्जाचा नमुना छापावा, अशी माझी सूचना आहे. त्यात मुलाचे नाव, दाखल्यावरची जन्मतारीख, कोणत्या भाषेत कोणती चाचणी झाली, तिच्यात काय दिसले, आणि त्यावरून शाळेकडे कोणती एक गोष्ट मागतो आहोत, एवढेच असावे. खाली मुख्याध्यापकांच्या उत्तरासाठी आणि तारखेसाठी जागा असावी. पानाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. नव्वद वर्षांपूर्वी धारवाडला एका अभ्यासकाला दोन्ही भाषांत प्रश्न विचारता आले. आपल्याला दोन्ही भाषांत अर्ज लिहिता यायला हरकत नसावी.